०.०८ आणि ऊसतोडीहून परतलेली तीन मुलं

पत्र थोडक्यात : मराठवाड्यातल्या एका मोठ्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवणाऱ्या ताईंचं हे पत्र आहे. नोकरी सांभाळून त्या एम.एड. करतात. लघुशोधप्रबंधासाठी त्यांनी आपल्या 'अ' तुकडीत दिवाळीनंतर बारा आठवडे रोज चाळीस मिनिटं जोडीवाचन घेतलं. 'ब' तुकडी दुसऱ्या शिक्षकांकडे, नेहमीच्या पद्धतीनं शिकली. दोन्हीकडे तीस-तीस मुलं. पूर्वचाचणीत 'अ'चं मध्यमान (सरासरी) १७.१ होतं आणि 'ब'चं १६.२, फरक सार्थक नाही, म्हणजे योगायोगाचाही असू शकतो, म्हणून गट समान धरले. ४० गुणांच्या उत्तरचाचणीत 'अ'ला २४.८ आणि 'ब'ला २१.९ मिळाले. गोष्ट सलग वाचू शकणारी मुलं 'अ'मध्ये ३० पैकी २०, 'ब'मध्ये १३. ताई खूश झाल्या. पण टी मूल्य (फरक योगायोगाच्या मानानं किती मोठा, ते सांगणारा आकडा) आलं १.७७ आणि सारणीत हवं होतं २.००. पी, म्हणजे नुसत्या योगायोगानं एवढा फरक पडण्याचं प्रमाण, ०.०८; तो ०.०५ च्या खाली हवा असा रिवाज. "असा निकाल घेऊन व्हायवाला (तोंडी परीक्षेला) जाऊ नका," असं म्हणून मार्गदर्शकांनी तीन वाटा सुचवल्या. ऊसतोडीहून उशिरा परतलेली 'अ'मधली तीन मुलं वगळायची. किंवा द्विपुच्छीऐवजी एकपुच्छी चाचणी लावायची, म्हणजे फरक दोन्ही दिशांना न शोधता एकाच दिशेला शोधायचा. किंवा चाचणीच्या सहा घटकांपैकी शब्दसंपत्तीत पी ०.०३ आलाय, तर शीर्षकच तिकडे वळवायचं. ताई विचारतात, "माझी पद्धत खरंच निरुपयोगी आहे का? आणि यातलं काय केलं तर चालेल?"

प्रिय ताई,

पत्रासोबत तुम्ही दोन्ही तुकड्यांचे गुण नावं न लिहिता पाठवलेत, हे फार बरं केलंत. नुसतं 'टी अमुक आलं' एवढंच कळवलं असतंत तर मला हवेत बोलावं लागलं असतं.

काल रात्री जेवणं झाल्यावर मी नातीला घेऊन बसलो. जुन्या वहीच्या कागदाच्या साठ चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर तुमच्या एकेका मुलाचे गुण लिहिले. तुकडी लिहिली नाही. सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यात टाकून हलवल्या आणि नातीनं न बघता तीस काढल्या. त्या झाल्या 'अ', डब्यात उरल्या त्या 'ब'. साठ मुलांच्या गुणांची बेरीज १४०१ होते, त्यामुळे एकाच ढिगाची बेरीज केली की पुरतं. तुमच्या खऱ्या 'अ' तुकडीची बेरीज ७४४. ढिगाची बेरीज ७४४ किंवा त्याहून जास्त, नाहीतर ६५७ किंवा त्याहून कमी आली, तर समजायचं की मध्यमानांतला फरक तुमच्याइतका किंवा त्याहून मोठा पडला. पंचवीस वेळा हा खेळ केला. तेवीस वेळा फरक लहान निघाला, दोनदा मात्र २.९ च्या पलीकडे गेला. नात झोपल्यावर तेच काम संगणकाला दहा हजार वेळा करायला लावलं. शंभरात साधारण आठ वेळा.

हाच तुमचा पी. जोडीवाचनाचा गुणांशी काडीचाही संबंध नसता आणि मुलं नुसत्या चिठ्ठ्या टाकून दोन तुकड्यांत वाटली असती, तरी एवढा फरक शंभरात आठ वेळा दिसला असता, इतकंच ०.०८ सांगतो. पद्धत निरुपयोगी असण्याची शक्यता आठ टक्के आहे, किंवा उपयोगी असण्याची ब्याण्णव टक्के आहे, यातलं काहीही त्यात नाही. पद्धतीचा फायदा मोठा की लहान, हेही त्यात नाही. एकदा हा खेळ स्वतः वर्गात करून बघा. तिसरीची मुलं चिठ्ठ्या उचलतील, बेरजाही करतील.

आता तुमचा पहिला प्रश्न. 'पद्धत निरुपयोगी आहे का?' या प्रश्नामागे एक गृहीत दडलंय, की पी ०.०५ च्या वर गेला म्हणजे फरकच नाही. हे तुमच्या मनात आलं यात नवल नाही. प्रबंधांमधलं ठरलेलं वाक्यच तसं आहे (शून्य परिकल्पना म्हणजे 'फरक नाही' हे गृहीत) : 'प्राप्त टी मूल्य सारणी मूल्यापेक्षा कमी असल्याने शून्य परिकल्पनेचा स्वीकार करण्यात येत आहे.' हे वाक्य मी शेकड्यानं वाचलंय आणि दर वेळी 'स्वीकार' या शब्दाशी अडखळलोय. कोर्टात आरोपी पुराव्याअभावी सुटतो, तेव्हा त्यानं गुन्हा केलाच नाही असं काही कोर्टानं शोधून काढलेलं नसतं. तुमच्या चाचणीनंही शून्य परिकल्पना खरी असल्याचं शोधलेलं नाही. ती फेटाळण्याइतका पुरावा साठ मुलांकडून जमला नाही, एवढंच झालंय.

किती पुरावा जमला, हे बघायचं तर पीपेक्षा विश्वासांतराल, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असू शकतो तो पट्टा, जास्त बोलतं. तुमची प्रमाण विचलनं (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) ६.५ आणि ६.२ आहेत. त्यावरून दोन मध्यमानांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे तो फरक योगायोगानं किती इकडेतिकडे हलू शकतो याचं माप, १.६४ येते. २.९ मधून तिची दुप्पट वजा करा आणि २.९ मध्ये दुप्पट मिळवा. एका टोकाला उणे ०.४, दुसऱ्या टोकाला ६.२. म्हणजे जोडीवाचनानं मुलं 'ब'च्या पुढे जवळपास गेलीच नाहीत, हेही तुमच्या आकड्यांना मान्य आहे. आणि ४० पैकी सहा गुणांनी पुढे सरकली, हेही मान्य आहे. तिसरीतल्या मुलासाठी सहा गुण म्हणजे किती, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. अशा निकालाला 'निरुपयोगी' म्हणता येणार नाही. 'सिद्ध झालं' असंही म्हणता येणार नाही, आणि '०.०५ च्या अगदी जवळ आलं होतं' असं म्हणून मागच्या दारानं ते सिद्ध करायलाही जाऊ नका.

आणखी एक उलटा हिशेब सांगतो. समजा जोडीवाचनानं खरोखरच २.९ गुणांचा फायदा होतो. तरीही तीस-तीस मुलांचे गट घेऊन शंभर शिक्षकांनी हाच प्रयोग केला, तर पी ०.०५ च्या खाली फक्त चाळीसेक जणांचा येईल. उरलेले साठ जण तुमच्यासारखंच पत्र लिहितील. शंभरातल्या ऐंशी जणांना तो फरक सापडायला हवा असेल, तर प्रत्येक गटात साधारण ७६ मुलं लागतात. हा हिशेब प्रयोगाच्या आधी करायचा असतो. तो तुमच्याकडून कुणी करून घेतला नाही, याचं खापर तुम्ही स्वतःच्या डोक्यावर फोडू नका.

टी चाचणी जन्मलीच मुळी लहान गटांच्या अडचणीतून. डब्लिनच्या गिनेस कंपनीत विल्यम गॉसेट हे बिअरच्या कच्च्या मालाचे, बार्लीचे आणि हॉप्सचे, नमुने तपासत. हातात मोजकेच नमुने, आणि त्यावरून ठरवायचं की हा माल त्या मालाहून खरंच वेगळा आहे का. १९०८ साली त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावानं आपला निबंध छापला, कारण कंपनी कर्मचाऱ्यांना स्वतःच्या नावानं छापू देत नव्हती. फरक किती आणि तो कामाचा आहे का, याकडे गॉसेट यांचं लक्ष असायचं. ०.०५ ही रेघ नंतर आली. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात ती सोयीची मर्यादा म्हणून सुचवली. पुढे १९५६ मध्ये फिशर यांनीच लिहिलं, की कुठलाही संशोधक वर्षानुवर्षं, प्रत्येक परिस्थितीत, एकच ठरलेली पातळी धरून परिकल्पना फेटाळत बसत नाही. आणि २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं पी मूल्याविषयी एक निवेदनच काढलं. शास्त्रीय निष्कर्ष केवळ पी एका रेघेच्या वर की खाली यावर काढू नये, पीवरून फरकाचा आकार किंवा महत्त्व कळत नाही, आणि जे जे तपासलं ते सगळं उघड सांगावं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तुमच्या मार्गदर्शक सरांसमोर ठेवायला हा कागद चांगला आहे. तुमच्या-माझ्या शब्दापेक्षा त्याला वजन मिळेल.

आता त्या तीन वाटा.

एकपुच्छीची वाट आधी संपवतो. आकडे तेच ठेवून एकपुच्छी लावली की पी निम्मा होतो, ०.०४. सारणीतलं मूल्यही २.०० वरून १.६७ वर येतं आणि तुमचं १.७७ अलगद पलीकडे जातं. पण मंजूर झालेल्या आराखड्यात तुम्ही काय लिहिलं होतं? 'फरक आढळून येईल' असं लिहिलं असेल तर द्विपुच्छीच राहणार. आणि स्वतःला एक विचारा : 'ब' तुकडी २.९ नं पुढे गेली असती, तर तुम्ही ती गोष्ट न नोंदवता सोडली असती का? रोजची चाळीस मिनिटं दुसऱ्या कशातून तरी काढून घेतलेली असतात. नव्या पद्धतीनं नुकसानही होऊ शकतं. ती शक्यता तुमच्या मनात होती, तर चाचणीतही ती असलीच पाहिजे.

शब्दसंपत्तीचंही थोडक्यात. सहा घटक तपासले की कुठल्याही घटकात खरा फरक नसताना निदान एकाचा पी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता, घटक एकमेकांपासून सुटे धरले तर, शंभरात सव्वीस असते. सहा आंबे चाचपले आणि एक गोड निघाला, म्हणून पेटीवर 'गोड' लिहायचं नसतं. सहाही घटकांचे आकडे तक्त्यात द्या, शब्दसंपत्ती पुढच्या अभ्यासासाठी नोंदवून ठेवा, शीर्षक आहे तेच राहू द्या.

उरलेली वाट मात्र मला झोपू देत नाही. तीन मुलं वगळायची.

फिशर यांच्या १९३५ च्या पुस्तकात चहाचा एक प्रयोग आहे. दूध आधी ओतलं की चहा आधी, हे चवीवरून ओळखता येतं, असं एक बाई म्हणतात. त्यांच्यासमोर आठ कप ठेवायचे, त्यातल्या चारांत दूध आधी. बाईंनी ते चार निवडायचे. निवडीचे एकूण सत्तर प्रकार होतात, त्यामुळे चारही बरोबर येणं नुसत्या नशिबानं सत्तरात एकदा घडेल. तीन बरोबर आणि एक चूक, किंवा त्याहून चांगलं, हे मात्र नशिबानंही सत्तरात सतरा वेळा जमतं. त्याला पुरावा म्हणता येत नाही. आणि हे सगळं कप पुढे येण्याआधी ठरलेलं असतं. एक कप चुकल्यावर 'तो गार झाला होता, तो धरू नका' म्हणायची सोय तिथे नाही.

तुमच्या सरांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. त्या तीन मुलांना बारा आठवड्यांपैकी जेमतेम चार मिळाले, मग त्यांच्यावरून पद्धतीची परीक्षा का घ्यायची, असं ते म्हणत असतील, तर विचार म्हणून ते चुकीचं नाही. म्हणून मी ते करून पाहिलं. त्या तिघांचे गुण ११, १२ आणि १३. ते काढले की 'अ'चं मध्यमान २४.८ वरून २६.२ होतं, प्रमाण विचलन ६.५ वरून ५.१ वर येतं, आणि टी १.७७ वरून थेट २.८८ वर उडी घेतं. पी ०.०१ च्याही खाली. साठातल्या तीन चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि 'व्हायवाला जाऊ नका'चं 'पेढे आणा' झालं.

मग मी तुमच्या यादीचा शेवटचा रकाना बघितला. स्थलांतराची खूण तुम्ही दोन्ही तुकड्यांत केली आहे. 'ब'मध्येही तशी चार मुलं आहेत, तीही संक्रांतीनंतरच परतली. त्यांचे गुण ८, ९, १०, ११. ती वगळायचं कुणीच सुचवलं नाही. तीही काढली तर 'ब'चं मध्यमान २३.८ होतं, टी १.९२, पी ०.०६. पुन्हा रेघेच्या अलीकडे, निघालो होतो त्याच्या शेजारीच.

यात कुणी मुद्दाम लबाडी केली, असं मला वाटत नाही. हवा तो आकडा येईना की नजर आपल्या बाजूच्या खालच्या गुणांवर जाते, आणि त्यांना काही ना काही कारण असतंच. समोरच्या बाजूच्या खालच्या गुणांना कारण शोधायला कुणी जात नाही. म्हणून नियम असा : कुणाला वगळायचं ते उत्तरचाचणीआधी, आराखड्यात लिहायचं (उदाहरणार्थ, 'बारापैकी आठ आठवड्यांपेक्षा कमी उपस्थिती'), तो नियम दोन्ही गटांना लावायचा, आणि तरीही सगळ्या मुलांसह आलेला निकाल पहिल्यांदा द्यायचा.

पण ताई, मला त्या तीन मुलांबद्दल संख्याशास्त्राच्या पलीकडचंही सांगायचंय. दिवाळी झाली की कोयता घेऊन आई-बाप निघतात, मुलं कधी पालावर जातात, कधी आजीकडे राहतात, कधी हंगामी वसतिगृहात. तुमच्या शाळेत दर वर्षी हे होणार आहे. साठात सात म्हणजे तुमच्या पटाचा जवळपास नववा हिस्सा. जोडीवाचन उद्या शाळेत सुरू केलं तर ते या मुलांसकटच सुरू होणार. ती वगळून काढलेला आकडा 'वर्षभर घरी असणाऱ्या मुलांना फायदा होतो का' या प्रश्नाचं उत्तर आहे. तो प्रश्नही विचारण्यासारखा आहे, पण तुमच्या प्रबंधाचा प्रश्न तो नव्हता. ज्या मुलांचं वाचन सगळ्यात आधी तुटतं, त्यांनाच वाचनाच्या संशोधनातून खोडायचं, हे मला तरी बघवणार नाही. यादी परत एकदा बघा. 'अ'मधल्या तिघांची सरासरी १२, 'ब'मधल्या चौघांची साडेनऊ. सात मुलांवर चाचणी लावू नका, त्यातून काही ठरणार नाही. पण चारच आठवडे मिळालेली ती मुलं जोडीदाराबरोबर कशी वाचत होती, कुठल्या शब्दाला अडत होती, हे तुम्ही बघितलंय. ते दोन पानांत लिहा. प्रबंधात त्याला जागा आहे.

आता जे तुम्ही विचारलं नाही, तेही सांगायला हवं. मी मार्गदर्शक असतो तर मला ०.०८ पेक्षा दुसऱ्याच गोष्टीची चिंता लागली असती. 'अ'ला तुम्ही शिकवलंत, 'ब'ला दुसऱ्यांनी. आमच्या डब्यातल्या खेळात मुलं चिठ्ठ्यांनी वाटली गेली होती. तुमच्या शाळेत तशी वाटली गेली नाहीत. तुकड्या आधीच पडलेल्या होत्या. त्यात एका वर्गातली मुलं एकाच बाईंकडून शिकतात, एकमेकांकडून शिकतात, त्यामुळे तीस मुलं म्हणजे तीस सुटे पुरावे नसतात. उद्या पी ०.००१ आला असता, तरी तो फरक जोडीवाचनाचा की तुमच्या शिकवण्याचा, हे या रचनेतून वेगळं काढता आलं नसतं. तुमच्या पत्रातली कळकळ बघता, दुसरी शक्यता मला लहान वाटत नाही. टीच्या सूत्राला यातलं काही कळत नाही. ते तुम्हालाच 'मर्यादा' या मथळ्याखाली सरळ लिहावं लागेल.

तसंच पूर्वचाचणीचं. 'फरक सार्थक नाही, म्हणून गट समान' हे वाक्य म्हणजे मघाच्या 'स्वीकार'चाच भाऊ. 'अ' तुकडी ०.९ नं आधीच पुढे होती. वाढ बघायची तर 'अ' ७.७ गुणांनी वाढली, 'ब' ५.७ नं, म्हणजे वाढीतला फरक २.० उरतो. जास्त चांगला मार्ग अँकोव्हाचा : पूर्वचाचणीत सारखे गुण असलेल्या दोन मुलांपैकी जोडीवाचन मिळालेलं मूल उत्तरचाचणीत किती पुढे, असा प्रश्न तो विचारतो. मुलामुलांमधला जो फरक मुळातच होता, तो त्यात बाजूला पडतो, म्हणून अंदाज बहुधा जास्त नेमका होतो. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. पण पी खाली यावा म्हणून ते करू नका. फरकही कमी होणार आहे आणि त्रुटीही, तेव्हा काटा कुठे झुकेल ते आत्ता सांगता येत नाही. आधी ठरवा की जे येईल ते छापणार, त्यासोबत 'हे विश्लेषण नंतर ठरवले' असंही लिहिणार, आणि मगच बटण दाबा.

गोष्ट वाचणाऱ्या मुलांचं प्रमाण तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय, पण गावात आणि शाळा व्यवस्थापन समितीत तेच समजेल. तीसपैकी वीस आणि तीसपैकी तेरा, म्हणजे सात मुलं जास्त. काय-वर्ग मूल्य (अशा प्रमाणांतला फरक तपासणारा आकडा) ३.३० येतं, सारणीत ३.८४ हवं, पी ०.०७. प्रमाणातल्या फरकाचं विश्वासांतराल उणे १ पासून अधिक ४८ टक्क्यांपर्यंत पसरलंय, यावरूनच दिसतं की 'हो' आणि 'नाही' मोजायला तीस मुलं किती थोडी पडतात. आणि मध्यमानानं एक सांगितलं, प्रमाणानं दुसरं, असे दोन साक्षीदार मिळाले असं मात्र मानू नका. मुलं तीच आहेत. साक्षीदार एकच, तो दोनदा बोलला.

तुमच्यासारखी पत्रं दर महिन्याला येतात, म्हणून इतरांसाठीही थोडं. त्याच मुलांची आधीची आणि नंतरची चाचणी ताडून बघायची असेल तर सुट्या गटांची टी लावू नका. जोडीची टी लावा, म्हणजे प्रत्येक मुलाची वाढ काढून त्या वाढीचं मध्यमान तपासलं जातं. काय-वर्गाच्या कोष्टकात एखाद्या चौकोनात अपेक्षित संख्या पाचाच्या खाली येत असेल तर फिशरची अचूक चाचणी घ्या. 'अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट' या पातळ्यांना १, २, ३, ४ असे आकडे देऊन त्यांचं मध्यमान काढण्यापेक्षा, प्रत्येक पातळीवर किती मुलं आहेत ते सरळ सांगा.

प्रबंधात नेमकं काय लिहायचं? मी असं लिहिलं असतं : 'उत्तरचाचणीतील मध्यमानांत २.९ गुणांचा फरक आढळला (९५ टक्के विश्वासांतराल -०.४ ते ६.२; टी = १.७७, स्वाधीनता मात्रा ५८, पी = ०.०८). ०.०५ स्तरावर शून्य परिकल्पनेचा त्याग करण्याइतका पुरावा मिळाला नाही. मात्र दोन पद्धतींत फरक नाही, असाही निष्कर्ष यावरून काढता येत नाही. स्थलांतरित सात विद्यार्थी दोन्ही गटांतून वगळून केलेल्या विश्लेषणातही निष्कर्ष बदलला नाही.' शेवटच्या वाक्यात बळ आहे. परीक्षक विचारणार असतील, तर हेच विचारतील, आणि उत्तर आधीच छापलेलं असेल.

सरांशी बोलणं हे यापेक्षा अवघड, याची मला कल्पना आहे. त्यांच्या सहीशिवाय तुमचा प्रबंध पुढे जात नाही. त्यांना चुकीचं ठरवायला जाऊ नका. दोन तक्ते शेजारी-शेजारी ठेवून न्या : एक तीन मुलं वगळल्यावरचा, दुसरा सातही वगळल्यावरचा. आणि विचारा, "सर, व्हायवाला कुणी 'ब'मधल्या चौघांबद्दल विचारलं, तर मी काय सांगू?" बहुतेक मार्गदर्शकांना स्वतःच्या विद्यार्थ्याची फजिती नको असते. सार्थक निकाल नाही म्हणून प्रबंध नापास होतो, हा समज विद्यार्थ्यांमध्ये फार पसरलाय. एकदा विद्यापीठाचे नियम काढून वाचा आणि तशी अट त्यात कुठे आहे का, ते स्वतः बघा. तरीही सर अडून बसले, तर विभागप्रमुखांना लेखी विचारा, सरांना सांगूनच. आणि जवळच्या कॉलेजच्या संख्याशास्त्र विभागात एक चक्कर मारा. खरा डेटा घेऊन कुणी दारात आलं की तिथली माणसं खुर्ची पुढे ओढून बसतात.

पुढच्या वर्षी हे परत करायची इच्छा असेल, तर एकट्यानं करू नका. केंद्रातल्या शाळांमधल्या शिक्षकांना शिक्षण परिषदेत विचारा. आठ-दहा तुकड्या जमल्या की कुठल्या तुकडीत जोडीवाचन आणि कुठल्यात नेहमीचं, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, सगळ्यांसमोर. ज्यांच्या वाट्याला जोडीवाचन येणार नाही, त्यांना ते उन्हाळ्याआधी देण्याचं कबूल करा, म्हणजे कुणाला डावलल्यासारखं वाटणार नाही. आणि या वेळी मुलांइतक्याच तुकड्याही मोजा, कारण शिक्षकाचा परिणाम वेगळा काढायचा तर शिक्षकच जास्त लागतात. उत्तरचाचणी घेणाऱ्याला कुठली तुकडी कोणती हे माहीत नसावं. शेजारच्या शाळेतले शिक्षक बोलावले तरी भागतं.

तेवढी पूर्वचाचणीची यादी राहिलीय, तीही स्थलांतराच्या खुणेसकट पाठवा. डबा अजून तसाच टेबलावर आहे, आणि नात विचारतेय की बाईंच्या शाळेतली मुलं आत्ता कुठली गोष्ट वाचताहेत.